अर्धी बॅटरी

बॅटरीच्या दुकानदाराला ‘ही किती वर्षं टिकेल?’ असं विचारलं की तो बॅटरीकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. डोंबिवली पूर्वेला ज्यांच्याकडून मी बॅटरी घेतो ते गृहस्थ तर उलटतपासणीच घेतात. घरी माणसं किती? लाइट गेल्यावर टीव्ही चालू असतो का? राउटर इन्व्हर्टरवर आहे का? बाहेरगावी जाताना इन्व्हर्टर बंद करता की तसाच ठेवता? गिऱ्हाइकाला वॉरंटीचे महिने ऐकायचे असतात, ते वैतागतं. “काका, वॉरंटी कार्डावर छापलीय, ती घरी जाऊन वाचा. मला लोड सांगा,” असं म्हणून ते कागद पुढे ओढतात.

त्यांच्या दुकानाबाहेर परत आलेल्या जुन्या बॅटऱ्यांची रांग असते. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर, झाकणं निघालेली, पोटं फुगलेली. त्यांतल्या कितीतरी वयाने म्हाताऱ्या नसतात. मालकाला वाटतं, खूप वापरली म्हणून गेली. दुकानदाराचं मत वेगळं आहे आणि ते मला पटलेलं आहे. ती तळापर्यंत उपसली आणि तशीच रिकामी ठेवली, म्हणून गेली.

खरं म्हणजे आमच्या या पट्ट्याला विजेचं अप्रूप असायचं कारण नाही. रेल्वेने ठाकुर्लीला खाडीकाठी चोळा पॉवर हाउस उभारलं ते १९२९च्या सुमारास. मुंबईला वीज पोचवणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या आमच्या वस्त्यांच्या डोक्यावरून जातात, आणि कळवा-पडघ्याच्या उपकेंद्रांशी मुंबईचं सुख बांधलेलं आहे. तरीही जून २००५मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली त्या काळात भारनियमनाचे दिवस आले, तेव्हा मुंबई वगळली गेली आणि आम्ही सापडलो. दिवसभर दादरच्या ऑफिसात एसीत बसायचं आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या पुलावरून अंधारात उतरायचं. कुठल्या भागात किती ते किती लाइट जाणार याची वेळापत्रकं पेपरात यायची आणि ती लोकलच्या टाइमटेबलपेक्षा बारकाईने वाचली जायची. त्या दोन-तीन वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत चपलांच्या कपाटाशेजारी इन्व्हर्टर आला. महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन फिरणारा पाणीवाला हा नवा माणूस दारात दिसू लागला.

त्याच काळात एक युक्ती सोसायट्यांमधून पसरली. इन्व्हर्टर आधी टीं-टीं वाजतो, मग कटऑफ होतो. कटऑफ झाला की बटण बंद करायचं, पाचएक मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. पंखा परत फिरतो! क्रिकेटचा सामना रंगात आला असेल तर हे दोन-तीनदा करायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नाही, सगळ्यांना आपोआप सुचलं, आणि इन्व्हर्टर कंपन्यांनी आपल्याला फसवून कमी वीज द्यायचं ठरवलंय असा एक समज त्यातून पक्का झाला. बॅटरीत अजून आहे ना? मग बंद का पडतो? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बॅटरीच्या पोटात आहे, आणि तिथे थोडं थांबलं पाहिजे.

शिशाची बॅटरी ही गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केलेली गोष्ट. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, मधे पाणी घातलेलं गंधकाम्ल. वीज काढत जाऊ तसतसं आम्लातलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर बसत जातं आणि आम्ल पातळ होत पाण्याकडे झुकतं. चार्जिंग केलं की उलटा प्रवास होतो, सल्फेट प्लेट सोडून आम्लात परत येतं. नुकतं बसलेलं सल्फेट बारीक कणांचं असतं, ते सहज सुटतं. पण बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली की त्या कणांचे मोठे, कडक स्फटिक होतात. मग कितीही चार्जिंग करा, ते जागचे हलत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद. बॅटरीवाले याला नुसतं ‘सल्फेशन झालं’ म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत, कारण पुढे बोलण्यासारखं काही नसतं.

यातून अर्ध्याचा नियम निघतो. रोज निम्मीच वापरली आणि रोज पुरी भरली तर बॅटरी वर्षानुवर्षं चालते. इन्व्हर्टरला सहसा लावतात ती ट्युब्युलर बॅटरी प्रसंगी ऐंशी टक्क्यांपर्यंतही उपसा सोसते, पण तो प्रसंग असावा, रोजची सवय नव्हे. मुरबाडकडच्या भात पिकवणाऱ्या माणसाला बियाणं बाजूला का काढायचं हे समजावून सांगावं लागत नाही. बॅटरीतला खालचा निम्मा भाग हे तिचं बियाणं आहे. अडचण एवढीच की भाताची कणगी किती रिकामी झाली ते डोळ्यांना दिसतं, बॅटरीचं दिसत नाही.

आणि जे दिसतं ते फसवं असतं. बॅटरीवर डोकं काढणारे ते लाल-हिरवे तरंगते दांडे घ्या. कितीतरी घरांत तो दांडा वर असला की ‘बॅटरी फुल आहे’ असं समाधानाने सांगितलं जातं. तो दांडा फक्त पाण्याची पातळी दाखवतो. पाणी काठोकाठ आणि वीज शून्य अशी बॅटरीही तितक्याच डौलात दांडा वर काढून बसते. व्होल्टमीटर लावला तर पूर्ण भरलेली, काही तास शांत बसलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि निम्मी झालेली १२.१ ते १२.२. म्हणजे भरलेली आणि अर्धी यांत फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. तोही बॅटरी शांत असेल तर. लोड चालू असताना व्होल्टेज खाली दबतं, लोड काढला की वर उसळी घेतं. सामन्याच्या वेळची पाच मिनिटांची ती युक्ती म्हणजे ही उसळी. तेवढ्या वेळात बॅटरीत नवीन काही आलेलं नसतं. खरं बोलणारं साधन म्हणजे हायड्रोमीटर, आम्लाची ग्रॅव्हिटी मोजणारी काचेची नळी. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीत भरलेल्या अवस्थेत ती १.२४०च्या जवळपास असते. आमचा पाणीवाला हायड्रोमीटर बाळगायचा. हल्लीचे पाणीवाले बाळगताना दिसत नाहीत.

आता यातली सगळ्यात उफराटी गोष्ट. बॅटरी मोठ्या लोडने मरते असं सगळ्यांना वाटतं. मिक्सर लावू नका, इस्त्री लावू नका. पण मोठा लोड लावला की व्होल्टेज झपकन खाली येतं आणि इन्व्हर्टर लवकर कटऑफ होतो. बॅटरीत बरंच काही शिल्लक राहतं. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७मध्येच हे गणित मांडलं होतं की वीज जितक्या जोराने ओढाल तितकी ती एकूण कमी मिळते. उलट बाजूने पाहिलं तर एक नाइट लॅम्प, एक राउटर, देवघरातला छोटा दिवा यांचा लोड इतका थोडा असतो की व्होल्टेज दबतच नाही. ते १२च्या वर, ११.८, ११.५ असं ऐटीत उभं राहतं, आणि कटऑफचा १०.५चा आकडा येईपर्यंत बॅटरी जवळजवळ खरवडून निघालेली असते. दुकानदार राउटरबद्दल का विचारतात ते इथे कळतं.

शिवाय १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे दोन-दोन व्होल्टचे सहा सेल एका ओळीत. सहाही सारखे कधीच नसतात. त्यातला एक अशक्त असतो, तो आधी रिकामा होतो, आणि उरलेले पाच त्याच्यातून वीज ढकलत राहतात. त्याची धन-ऋण बाजू उलटायची वेळ येते. बाहेरून सगळ्यांची बेरीजच दिसते, ती बरी असते. ‘एक सेल गेलाय’ असं बॅटरीवाला सांगतो तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

भारनियमन सरलं, इन्व्हर्टर कोपऱ्यात धूळ खात पडले, आणि गच्चीवर सोलर पॅनलं आली. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडानंतर मुंबईसकट ठाणे, कल्याण सगळं एकदम बंद पडलं. लोकल जागच्या जागी उभ्या. ठाण्याच्या ज्या सोसायट्यांच्या गच्चीवर पॅनलं होती, तिथेही पॅनलांची वीज घरात आली नाही. लख्ख ऊन पडलंय, वर एवढी पॅनलं आहेत, मग लिफ्ट बंद कशी? कारण ती पॅनलं ग्रिडला जोडलेली. ग्रिड गेलं की त्यांचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगात ती वीज जायची. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि तिथेही साधारण हीच गत असते: बिल कमी होतं, अंधारात उपयोग नाही. ज्याला लाइट गेल्यावर दिवा हवा किंवा जिथे लाइट पोचलेलीच नाही, त्याला बॅटरीपासून सुटका नाही.

माझ्या एका मित्राने मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या रस्त्याला जमीन घेऊन घर बांधलं. डोंबिवली-ठाण्यातल्या मध्यमवर्गाने गेल्या काही वर्षांत अशी कितीतरी घरं त्या बाजूला बांधलीत. खांब लांब होता म्हणून त्याने सगळं सोलरवर केलं: पॅनलं, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, मोठा इन्व्हर्टर. शनिवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परतायचं. पहिला उन्हाळा सुखाचा गेला. पावसाळ्यात मात्र शनिवारी कुलूप उघडून बटण दाबावं तर काहीच नाही. “आठवडाभर कोणी हातसुद्धा लावला नाही, मग वीज गेली कुठे?” तो बॅटरी कंपनीवर चिडला, गड्यावर संशय घेतला. वीज इन्व्हर्टरने खाल्ली होती. एवढा इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच वीसेक वॉट घेतो. चोवीस तासांचे झाले ४८० वॉट-तास, पाच दिवसांचे २४००. दोन बॅटऱ्यांत मिळून सगळं भांडवल ३६०० वॉट-तासांचं. वर आषाढाचं आभाळ, पॅनलांवर आंब्याची पानं आणि शेवाळ. दोन तृतीयांश वीज कोणी न वापरता जाते आणि हे दर आठवड्याला होतं. दुसऱ्या दिवाळीला बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. उपाय फुकटचा होता: निघताना इन्व्हर्टर पुरता बंद करायचा, त्याचा बॅटरीकडचा स्विच खाली पाडायचा, आणि पॅनल व त्याची वीज बॅटरीत भरणारा चार्ज कंट्रोलर मात्र चालू ठेवायचे. मग आठवडाभर फक्त भरणं होतं, खर्च नाही.

बदलताना त्याने लिथियम घेतली. त्यात बीएमएस नावाचा पहारेकरी आतच असतो, तो प्रत्येक सेलवर नजर ठेवतो आणि साधारण अडीच व्होल्टला दार लावून घेतो. त्याच्याही खूप खाली गेलं तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, म्हणून तो कोणाचंही ऐकत नाही. इथे वेगळीच गंमत होऊ शकते. बीएमएसने दार लावलं की बाहेरून बॅटरी शून्य दिसते. काही सोलर कंट्रोलर स्वतः बॅटरीच्या विजेवर जागे राहणारे असतात, त्यांना वाटतं बॅटरीच नाही, आणि ते झोपतात. मग डोक्यावर भर दुपारचं ऊन, पॅनल तयार, बॅटरी उपाशी, आणि मधला झोपलेला. लिथियम घेतली म्हणजे प्रश्न मिटला असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हा प्रसंग विचारून बघावा.

हे झालं दोन घरं असलेल्यांचं. शहापूर तालुक्यात, जिथून मुंबईला पाणी जातं, तिथल्या एका पाड्यावर आमच्या ओळखीतल्या मंडळींबरोबर दिवाळीच्या आधी जाणं व्हायचं. विजेचे खांब उशिरा पोचलेला पाडा. घरांवर सोलरचे जुने संच होते. एका घरात पाहिलं तर कंट्रोलरचा डबा भिंतीवर निमूट लटकत होता आणि दिव्याच्या वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलला पिळून बांधलेल्या. आमच्यातल्या एका इंजिनीअरने कपाळाला हात लावला. घरमालक शांतपणे म्हणाला, “दादा, हा डबा आठ वाजता दिवा घालवतो. पोरगी दहावीला आहे. डबा काढला तर अकरापर्यंत चालतो.”

डब्याचा काही दोष नव्हता. तो ११.१ व्होल्टच्या जवळ दिवा तोडतो आणि १२.६पर्यंत चढल्याशिवाय परत देत नाही. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर लोड तुटल्यावरच्या त्या उसळीमुळे दिवा रात्रभर लागत-विझत राहील. पण माणसाला मीटरवर १२.२ दिसतं आणि डबा दिवा देत नाही, तेव्हा त्याला तो डबा कंजूष सावकारच वाटणार. वायर थेट जोडली की तीन तास जास्त मिळतात, आणि त्या पावसाळ्याच्या अखेरीस बॅटरी मिळत नाही. मग पाहणीला येणारा माणूस वहीत ‘छेडछाड’ असं लिहून जातो.

मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. ते जुने संच बसले त्या काळचा सरकारी योजनांतला नेहमीचा संच म्हणजे ३७ वॉटचं पॅनल, १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची बॅटरी, ९ वॉटचे दोन सीएफएल. बॅटरीत ४८० वॉट-तास, अर्ध्याच्या नियमाने वापरायला २४०. दोन दिवे चार तास लावले तर मधली घट धरून रोज ऐंशीच्या घरात खर्च. हिवाळ्यात-उन्हाळ्यात पॅनल शंभरावर देतं, सगळं सुरळीत. जुलैत सह्याद्रीच्या पायथ्याशी ढग बसले की तेच पॅनल चाळीस-पन्नास देतं. रोज तीस-चाळीसची तूट. आठवड्याभरात राखीव निम्म्याच्या सीमेवर, आणि पावसाळा चार महिन्यांचा! म्हणजे जूनच्या पहिल्या पावसातच ठरलेलं असतं की डबा महिनोन्‌महिने लवकर दिवा तोडणार, आणि बॅटरी पुरती कधीच भरणार नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिने काढणं हेसुद्धा सल्फेशनला आमंत्रणच. डबा काढला नसता तरी ती बॅटरी लवकरच गेली असती. पोरीने तीन तास अभ्यास केला हे बरंच झालं.

वर्षाची सरासरी काढून कोकणपट्टीत पॅनल बसवणाऱ्याने आकाशाकडे बघितलेलं नसतं. बॅटरी वाचवण्याचं काम कंट्रोलर शेवटच्या क्षणी करतो. खरं ते संच ठरवतानाच, कागदावर व्हायला हवं. पण निविदेत दिव्यांची संख्या दिसते, फोटोत दिवे दिसतात, उद्‌घाटनाला दिवेच लावले जातात. दुप्पट पॅनल कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हल्ली ९ वॉटच्या सीएफएलच्या जागी ३-४ वॉटचा एलईडी बसतो, म्हणजे गणित बरंच सुधारलं. पण सोबत मोबाइलचं चार्जिंग आणि डीसी पंखा येतो, आणि तूट पुन्हा तिथेच. शहरातले आपण इन्व्हर्टरच्या बाबतीत केलं तेच पाड्यावरचा माणूस करतो. फरक एवढाच की आपल्या चुकीची किंमत बॅटरीच्या दुकानात चुकवता येते.

ठाणे-डोंबिवलीतली कितीतरी मंडळं, कट्टे, बँकांतून निवृत्त झालेली माणसं दिवाळीच्या सुमारास शहापूर-मुरबाड-जव्हारकडे सोलर दिवे घेऊन जातात. तुम्हीही त्यांतले असाल तर एवढं करा: आहे त्याच पैशांत दिवे कमी द्या आणि पॅनल मोठं द्या, गणित जुलैचं मांडा, बॅटरी बदलण्याचे पैसे आजच बाजूला ठेवा, आणि फोटो काढायला दिवाळीत जाता तसे एकदा भर पावसात, रात्री नऊ वाजता जाऊन बघा.